उसनी नजर

"तुम्ही हे का करताय?"

प्रश्न साधा होता आणि विचारणाऱ्या बाईंचा आवाजही मायेचा होता. तरी केतकी मगदूमच्या तळहातांना घाम फुटला. सांगलीच्या जिल्हा सरोगसी मंडळाच्या त्या गारढोण खोलीत टेबलापलीकडे तिघंजण बसले होते. एक निवृत्त न्यायाधीश, एक डॉक्टर आणि या समुपदेशक बाई. केतकीच्या शेजारी तिची नणंद शर्वरी होती. शर्वरीचं बाळ केतकी आपल्या पोटात वाढवणार होती.

"शर्वरीसाठी," केतकी म्हणाली. "तिच्या पहिल्या बाळंतपणात बाळ गेलं. तिचा जीव वाचवायला गर्भाशय काढावं लागलं. तिचे आणि तिच्या नवऱ्याचे गर्भ प्रयोगशाळेत तयार आहेत, पण ते वाढवायला तिच्याकडे जागा नाही. माझी एक मुलगी आहे, तब्येत चांगली आहे. मी नाही तर कोण करणार?"

"घरून कुणाचा दबाव? सासूबाईंचा, नवऱ्याचा?"

"नाही. मीच विचारलं तिला. तिनं आधी नकोच म्हटलं होतं."

"पैसा, दागिना, जमीन, किंवा दुसरा कसलाही फायदा?"

"नाही."

उत्तर जरा घाईनं आलं, असं तिचं तिलाच वाटलं.  तिनं समोरच्या तांब्याकडे हात नेला आणि पाण्याचा ग्लास आडवा झाला. कोपराशी ठेवलेला तो ग्लास तिला दिसलाच नव्हता.

शर्वरीनं चटकन रुमाल काढून टेबल पुसलं. "आमची वहिनी पहिल्यापासून धांदरट आहे," ती हसत म्हणाली. मंडळातले तिघेही हसले आणि परवानगी मिळाली.

धांदरट. गेली काही वर्षं केतकी या एका शब्दाच्या आडोशाला राहत होती. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा, पायरी चुकायची, लग्नाच्या पंगतीत कुणाच्या तरी ताटात पाय पडायचा. लोक हसायचे, तीही हसायची.

तासगाव-मिरज पट्ट्यातल्या द्राक्षबागांवर औषध फवारणारे ड्रोन चालवायचं तिचं काम होतं. त्यात तिचं नाव होतं. बागायतदार फोन करून "मगदूम वहिनींनाच पाठवा" म्हणायचे. एका सकाळी बागेवरून डावीकडे वळलेला ड्रोन अचानक नाहीसा झाला. आवाज येत होता, ड्रोन नव्हता. तिनं मान वळवली तसा तो पुन्हा दिसला, शांतपणे फवारत होता. केतकीनं तो खाली उतरवला आणि बांधावर बसून राहिली. काय झालंय ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी अंधारात दिसेना, मग बाजूचं दिसेना, मग नळीतून पाहावं तसं समोरचं एवढंच उरलं, आणि शेवटी ते घरातल्या घरात भिंत चाचपत चालायला लागले. सासरी तिनं "वडिलांना काचबिंदू होता" असं सांगून ठेवलं होतं.

त्या दिवसापासून ती पाठदुखीचं निमित्त करून ड्रोन उडवायचं टाळू लागली. नव्या मुलींना शिकवायची, बॅटऱ्या बघायची. पुण्याला एकटीच जाऊन डोळ्यांच्या डॉक्टरांना भेटून आली. ओवी, तिची नऊ वर्षांची लेक, तिलाही "चष्म्याचा नंबर बघू" म्हणून तपासून आणलं. ओवीत दोष उतरला नव्हता, एवढाच काय तो दिलासा. केतकीच्या रोगावर मात्र औषध नव्हतं. याच दुखण्याच्या दुसऱ्या काही प्रकारांवर उपचार निघाले होते, तिच्या प्रकारावर नाही.

"काहीच नाही?" तिनं विचारलं होतं.

"कायद्यानं सांगता येईल असं काही नाही," पुण्याचे डॉक्टर म्हणाले आणि संगणकाकडे वळले.

त्या वाक्याचा अर्थ तिला बाहेर बाकावर बसलेल्या एका बाईनं समजावला. पुढे केतकीनं स्वतः मिळेल ते वाचून काढलं.

गर्भारपणात बाळाच्या काही पेशी त्याला पोसणाऱ्या वारेतून निसटून बाईच्या रक्तात उतरतात, हे शास्त्रज्ञांना फार आधीपासून ठाऊक होतं. मूल जन्मल्यावरही त्या तिच्या अंगात वर्षानुवर्षं राहतात, यकृतात, हृदयात, मेंदूतसुद्धा. आपण पुढे काय व्हायचं हे त्यातल्या काहींचं अजून ठरलेलं नसतं. शरीरात जिथे पडझड झाली असेल तिथे त्या जातात आणि तिथल्यासारख्या होतात. नवी गोष्ट कळली ती पुढची. सरोगसीत हा ओघ कितीतरी मोठा असतो. स्वतःच्या बाळात निम्मा वाटा आईचा असतो, त्यामुळे तिचं शरीर त्याला अर्धं ओळखतं. दुसऱ्याचं बाळ पूर्ण परकं. त्याच्या वारेला परक्या घरात जागा करायला झुंजावं लागतं, आणि त्या झटापटीत जास्त पेशी पलीकडे सांडतात. डोळ्याच्या पडद्याचा रोग असलेल्या काही सरोगेट बायकांत या पाहुण्या पेशींनी मेलेल्या जागी मूळ धरलं होतं. त्या बायकांना बाजूचं दिसायला लागलं होतं.

हे उजेडात आल्यावर कायद्यात एक कलम वाढलं. शरीराला मिळणारा उपचार हाही मोबदलाच मानायचा. अशा रोगाच्या बाईनं सरोगेट होणं म्हणजे दुसऱ्याचं बाळ औषध म्हणून वापरणं, आणि तो गुन्हा. कलम आलं होतं, पण मंडळाच्या तपासण्यांत डोळ्यांची तपासणी अजून आली नव्हती.

पुण्याहून परत आल्यावर दुसऱ्याच रविवारी केतकीनं शर्वरीला विचारलं होतं.

शर्वरीचं दुःख खोटं होतं का? नव्हतं. बाळ गेल्यावर ती महिनाभर केतकीकडेच होती. केतकीनं तिला न्हाऊ घातलं होतं, तिचं दूध सुकेपर्यंत तिच्या छातीला कपडा बांधून दिला होता. मग दोघींचंही भलं एकाच वाटेनं होत असेल तर कुणाचं काय बिघडलं? केतकी स्वतःची अशी समजूत घालायची. ती पुरती पटायच्या आत एक प्रश्न पुढे येऊन उभा राहायचा. माझे डोळे धड असते, तर मी विचारलं असतं का?



गर्भ राहिला. घरात केतकीचा भाव एकदम वाढला. सासूबाई शेजारच्या बायकांना सांगायच्या, "पोटची लेक करणार नाही एवढं माझ्या सुनेनं केलं." निशांत, तिचा नवरा, मुळात अबोल माणूस. तो रात्री तिचे पाय चेपून द्यायला लागला. ही माया तिच्या अंगावर यायची. कुणी कौतुक केलं की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची, आणि लोकांना तो विनय वाटायचा.

पाचव्या महिन्यातली गोष्ट. केतकी ओट्याशी भाकरी थापत होती. नजर परातीत होती.

"ओवी, गूळ ठेव डब्यात," ती म्हणाली.

ओवी थबकली. "आई, तुला कसं दिसलं? तू तर बघितलंच नाहीस."

केतकीनं मान वळवली नव्हती. उजव्या बाजूनं आलेला ओवीचा हात तिला दिसला होता, धूसर, पण दिसला होता. तिनं गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनीच खाली बसली.

त्यानंतरचे दिवस आनंदाचे जायला हवे होते. ते धास्तीचे गेले. समोर एका ठिकाणी नजर लावून कडेचं किती दिसतंय ते ती पुन्हा पुन्हा पाहायची. संध्याकाळी गच्चीवर उभी राहायची आणि शेजारच्या बंगल्यावरच्या पाण्याच्या टाकीकडे न बघता ती दिसते का ते ताडायची. दिसली की छातीत धडधड. कुणाला कळलं तर? जिना आता ती न चाचपता उतरते, हे निशांतच्या लक्षात आलं तर?

शर्वरी दर रविवारी कोल्हापूरहून यायची. तिथे एका कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची. येताना डबे भरून आणायची, केतकीच्या पोटावर हात ठेवून बसायची आणि आपल्या विद्यार्थ्यांच्या गमती बाळाला सांगायची. अशाच एका रविवारी केतकी पलंगावर मोबाइल बघत पडली होती. शर्वरी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या घालता घालता तिनं केतकीचा सैल कुडता उचलला, आपल्या अंगाला लावला. कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली. मग आतून मूठ घालून तिनं पोटाशी तो कुडता जरा फुगवला, वळून एका बाजूनं पाहिलं. क्षणभरानं मूठ काढून घेतली, कुडत्याची नीट घडी घातली आणि ती इतर कपड्यांवर ठेवली.

केतकीनं मोबाइलवरून डोळे हलवले नाहीत. काही महिन्यांपूर्वी हे तिला दिसलं नसतं. तिनं हे पाहिलं होतं ते शर्वरीच्याच बाळाच्या पेशींनी. त्या रविवारी ती जेवली नाही. पित्त झालंय म्हणाली.

सातवा महिना संपत आला आणि केतकीचे पाय सुजले. डोकं ठणकायला लागलं. मिरजेच्या डॉ. मुजावर पहिल्यापासून तिला तपासत होत्या. बोलायला रोखठोक, पण पेशंटचा हात हातात घेऊन बोलणाऱ्या. त्यांनी रक्तदाब पाहिला, सोनोग्राफी केली, आणि निशांतला बाहेर बसवून केतकीशी बोलल्या.

"वार दमायला लागली आहे. परक्या बाळाच्या गर्भारपणात हे जास्त होतं. झटापट वाढलीय, ती तुझ्या अंगावर येतेय आणि बाळाला रक्त कमी पडतंय. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे या आठवड्यात सिझेरियन. बाळ फार लहान आहे. आपल्याकडे काचेच्या पेट्या चांगल्या आहेत, वाचेल असं मी म्हणेन, पण खात्री देणार नाही. फुप्फुसं, मेंदू, काहीही मागे राहू शकतं."

"आणि दुसरा?"

"एक नवं इंजेक्शन आहे. दर आठवड्याला घ्यायचं. वारेची तुझ्या शरीराला भिडलेली कड शांत करतं, सांडलवंड थांबते. रक्तदाब उतरतो, बाळाला दिवस भरेपर्यंत आत ठेवता येतं. तुलाही धोका कमी. मी तर हेच सुचवेन. पण शरीर तुझं आहे, त्यामुळे निर्णयही तुझा. शर्वरीचा नाही आणि माझाही नाही."

 केतकी हळूच म्हणाली, "सांडलवंड थांबते म्हणजे पेशींची?"

डॉक्टरांनी मान वर केली.

"आधी जाऊन बसलेल्या पेशींचं काय होतं?" केतकीनं विचारलं.

"कुठे जाऊन बसलेल्या?"

केतकीनं बोट डोळ्याकडे नेलं. डॉ. मुजावरांनी टेबलावरची, डोळ्याचा पडदा पाहायची भिंगाची छोटी टॉर्च उचलली आणि तिच्या डोळ्यात प्रकाश टाकला. आत काय ते पाहिलं. टॉर्च विझवून त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"कधीपासून आहे हे?"

"पाच वर्षं झाली."

"घरी माहीत आहे?"

"नाही."

डॉक्टर उठून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण मायाही नव्हती. "द्राक्षाच्या कलमाचं तुला माहीत असेल. बांधलं म्हणजे धरलं असं नाही. तुझ्या डोळ्यातल्या पेशी अजून धरलेल्या नाहीत. बाळंतपणापर्यंत ओघ सुरू राहिला तर धरतील. आज मधेच तोडला, तर काही आठवड्यांत बहुतेक सगळ्या जातील. आत्ता सिझेरियन केलं, तर त्या वेळी शरीरात मोठा लोट येतो, तेवढ्यावर कदाचित राहतीलही. म्हणजे तुला काय विचारायचं होतं ते मला कळलं. मी हे मंडळाला सांगायला जाणार नाही. पण परवापर्यंत मला उत्तर हवं."

परतीच्या वाटेवर केतकीनं निशांतला सगळं सांगितलं. त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. ती बोलायची थांबली तरी तो स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता.

"निदान मला सांगायचं होतंस," तो शेवटी म्हणाला. "जिन्यात दिवा तरी लावून ठेवला असता."

एवढंच. ते ऐकून केतकीला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा रडू आलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सोडून शर्वरी आली. केतकीनं दार लावून घेतलं आणि तिला समोर बसवलं. काही वगळलं नाही. ग्लास का पडला होता, तेही सांगितलं.

शर्वरीचा चेहरा हळूहळू दगडासारखा झाला. "म्हणजे माझं बाळ तुझं औषध होतं?"

"हो. तेही होतं."

"आणि मी? मी कोण होते?"

"तूही होतीस, शर्वरी. तुझ्यासाठी म्हणाले ते खोटं नव्हतं."

"कितपत?"

"ते मला सांगता येत नाही. मी रोज विचारते स्वतःला."

शर्वरी उठली, दारापर्यंत गेली, परत आली. पदराशी चाळा करत उभी राहिली.  "तुला वाटत असेल मी म्हणेन, वहिनी, तुझे डोळे आधी, बाळाचं बघू. मला तसं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मला माझं बाळ हवंय. धडधाकट हवंय. तुझे डोळे गेले तरी हवंय. मी हे तोंडानं बोलले. आता माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू दे."

 आपल्याला राग येईल असं केतकीला वाटलं होतं, तो आला नाही. इतके महिने या घरात त्यागाच्या आणि उपकाराच्या गोष्टी चालल्या होत्या. आज पहिल्यांदा कुणीतरी आपल्याला काय हवंय ते सरळ बोललं होतं.

"बस," ती म्हणाली. "चहा घेऊ."

त्यांनी चहा घेतला. कुणी कुणाला माफ केलं नाही. निघताना काय ठरवलंस ते शर्वरीनं विचारलं नाही आणि केतकीनं सांगितलं नाही. सकाळी केतकी निशांतला घेऊन मिरजेला गेली आणि म्हणाली, "इंजेक्शन द्या."

का? पुढे ओवी मोठी झाल्यावर तिनं हे विचारलं, तेव्हा केतकीनं खूप विचार केला आणि सांगितलं की मूठ घालून फुगवलेला तो कुडता डोळ्यासमोर येत होता, दुसरं काही येत नव्हतं.

एकदा घेतलेला निर्णय एकदाच घ्यावा लागला असता तर सोपं गेलं असतं. कायद्यानं प्रत्येक इंजेक्शनच्या वेळी सरोगेटची संमती पुन्हा विचारायची असते. दर आठवड्याला नर्स सुई भरून उभी राहायची आणि विचारायची, "देऊ ना ताई?" पहिल्या इंजेक्शननंतर डोकं ठणकायचं थांबलं, सूज उतरली. दुसऱ्यानंतर गच्चीवरून शेजारची टाकी गेली. आधी तिच्या कडा विरघळल्या, मग एका संध्याकाळी तिथे काहीच नव्हतं.

तिसऱ्या वेळी केतकीला "हो" म्हणता येईना. बाळाचं वजन चांगलं वाढलं होतं. आता काढलं तरी जगेल, नाही का? एवढ्या दिवसांचं दिलं की, आता उरलेलं मला ठेवू दे. हे शब्द अगदी ओठापर्यंत आले होते. नर्सनं पुन्हा विचारलं. खोलीत शर्वरी होती. त्या दिवसाच्या बोलण्यानंतर ती प्रत्येक खेपेला येत होती, बोलत फारशी नव्हती. केतकीनं तिच्याकडे पाहिलं. शर्वरी खाली मान घालून बसली होती. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरलेले. ती विनवणी करत नव्हती, वरही बघत नव्हती. आपण वर बघितलं तर तोही दबाव होईल, असं तिला वाटत असावं.

केतकीच्या पोटात बाळानं लाथ मारली. तिला आधीच्या सगळ्या लाथांची सवय होती. ही काही वेगळी नव्हती.

नर्सनं सुई खाली घेतली. "उद्या यायचंय का ताई?"

"नको," केतकी म्हणाली.  "द्या."

दिवस भरल्यावर मुलगा झाला. रडला, खणखणीत रडला. वजन चांगलं भरलं. डॉ. मुजावर मास्कच्या आडून "शाबास" म्हणाल्या. ते नेमकं कुणाला, हे कळलं नाही.

तोपर्यंत केतकीची नजर परत नळीएवढी झाली होती. कदाचित आधीपेक्षाही थोडी अरुंद. टेबलावर पडल्या पडल्या तिला वरचा दिवा दिसत होता आणि त्याच्याभोवती करडी पोकळी. रडणं उजव्या बाजूनं येत होतं. बाळाला पुसलं, गुंडाळलं, कुणीतरी म्हणालं, "आईकडे द्या," आणि मग पावलांचा आवाज. शर्वरीनं त्याला घेतलं असणार. केतकीनं मान वळवायचा प्रयत्न केला, पण अंगात त्राण नव्हतं. तिनं डोळे मिटून घेतले. बाळ ज्याचं त्याला मिळालं होतं. तिथे आता तिचं काही काम उरलं नव्हतं.

मग पावलं सरकली. टेबलाला वळसा घालून ती तिच्या पायांकडून पलीकडे आली, आणि थांबली.

"वहिनी, डोळे उघड."

शर्वरी समोर उभी होती. बरोबर समोर, जिथे केतकीला दिसत होतं तिथे. दोन्ही हातांवर तिनं बाळाला थोडं तिरपं धरलं होतं. लालबुंद कपाळ, त्यावर चिकटलेले ओले केस, एका भुवईची कड.

"दिसतोय?" शर्वरीनं विचारलं.

"कपाळ दिसतंय. जरा डावीकडे घे."

शर्वरीनं घेतलं.